रुमाल टाकलेलं नाव

"हे नाव तुम्हाला हवं असेल, तर तुम्ही काय द्याल?"

हा प्रश्न मी विचारला. म्हणजे टाइप केला, चांगल्या फाडफाड इंग्रजीत, शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये, ऑफ तासाला. डावीकडे प्राची डुबल, उजवीकडे रुखसार मुजावर, आणि दोघींचे डोळे माझ्या बोटांवर.

"आता पाठव की," प्राची म्हणाली. "का तंतरली?"

"ईश्वरी पिसाळची? तंतरते?" मी म्हणाले आणि बटण दाबलं.

पैज होती महिनाभराच्या सायन्स जर्नलची. मी प्रश्न विचारला तर माझं जर्नल प्राची लिहिणार, नाही विचारला तर तिचं मी. रुखसार तेवढी जरा चुळबुळली. "अगं पण तो तुझा सख्खा मामा आहे ना?"

"म्हणून तर!" मी म्हणाले. "मामाकडे नाही मागायचं तर कुणाकडे?"

तेव्हा मी नववीत होते. आता बारावीत आहे आणि आमच्या मसाल्याच्या पाकिटावर वेगळंच नाव आहे. ते कसं आलं हे सगळे विचारतात. त्याच्या आधीचं कुणी विचारत नाही, कारण ते घराबाहेर फारसं कुणाला माहीतच नाही.

आठवीपर्यंत मी हजेरीला 'हजर' म्हणताना पण मान खाली घालायचे. नववीत बाईंनी बळजबरी वक्तृत्व स्पर्धेत ढकललं, मी तालुक्यात पहिली आले, आणि मग काय, धरणाची दारंच उघडली! रिक्षावाल्याशी वाद घालणं, बँकेच्या मॅनेजरला गाठणं, गॅसची तक्रार फोनवर ठणकावून करणं, घरातली सगळी बोलायची कामं माझ्याकडे. पप्पा कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट. ते बाटल्यांशी बोलतात तेवढंच. आई तर त्याहून गप्प.

आई कुडाळची. माहेरची वृंदा घावनळकर. लग्न होऊन कराडला आली तेव्हा सोबत मालवणी मसाल्याचा डबा घेऊन आली. आमच्या आळीत सगळे कांदा-लसूणवाले. पण आईच्या हातची उसळ एकदा खाल्ली की शेजारणी वाटी घेऊन दारात. एप्रिल आला की आई मिरच्या वाळत घाले, धणे, बडीशेप, दगडफूल, त्रिफळ एकेक वेगळं भाजे, आणि डंकावर स्वतः उभी राहून कुटून आणी. डंकवाल्याला ती कधी एकटं सोडत नसे. आळीतल्या बायका त्याला 'घावनळकरी मसाला' म्हणायच्या. आजीनंच ते नाव पाडलं होतं. सुनेच्या माहेरच्या वस्तूला माहेरचं नाव, आमच्याकडे असंच असतं. आई मसाला विकायला लागली तेव्हा पाकिटांवर मीही स्केचपेननं तेच लिहायचे.

आणि तिकडे कुडाळात दादामामाचा कारखाना. घावनळकर मसाले. कोकणात कुठेही जा, दुकानात त्यांची लाल पाकिटं टांगलेली. मला त्याचा केवढा अभिमान! एकाच नावाची दोन पाकिटं, एक मामाचं, एक आईचं. त्यात काही चूक असेल असं डोक्यातच आलं नाही.

गणपतीच्या सुट्टीत मी ठरवलं की आईला वेबसाइट काढून द्यायची. नाव शोधलं. 'घावनळकर मसाले डॉट इन' मामाचं होतं. म्हटलं, ठीक आहे, राहू दे. मग 'घावनळकर मालवणी मसाला डॉट कॉम' टाकून पाहिलं. रिकामं!

एसटीत चढायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं वाटलं मला. रिकामी जागा, टाक रुमाल, बसलीस. मी रुमाल टाकला. आईच्या कार्डानं, आईच्या नावानं, आईच्या ईमेलवरून. कारण मी पंधरा वर्षांची, माझ्या नावानं कोण देणार?

वाढदिवसाला आईला मोबाइलवर दाखवलं. वर नाव, खाली तिचा फोटो, डंकापुढे उभी, नाकाला पदर लावलेली. तिनं चष्मा लावला. मग नावावरून बोट फिरवलं, आणि स्क्रीन सरकली तशी दचकली.

"हे माझं?"

"तुझं नाही तर कुणाचं?"

"दादाला विचारायला हवं होतं गं."

"का? तू घावनळकर नाहीस?"

"होते," आई म्हणाली. पण हसली. आणि मोबाइल लगेच परत दिला नाही.

महिनाभरात पुण्यातून अकरा ऑर्डरी आल्या. एका बाईंनी साइटवर लिहिलं, 'कुडाळच्या कारखान्याचाच ना हा? छान आहे, पूर्वीसारखा.' मी उत्तर दिलं, 'धन्यवाद!' आणि पुढे एक हसरा चेहरा. बस. 'हो' म्हटलं नाही, 'नाही' पण म्हटलं नाही. तेव्हा ते मला हुशारीचं वाटलं होतं.

मग प्राचीनं कुठूनतरी ऐकून आणलं की एका मुलानं कुठल्या कंपनीच्या नावासारखं नाव आधीच घेऊन ठेवलं, आणि कंपनीनं त्याला म्हणे लाखो रुपये दिले. त्यावरून ती पैज. मला वाटलं, मामा वाचेल, खो खो हसेल, फोन करून म्हणेल, "गो बाय, काय व्हया तुका?" मी म्हणेन, गियरची सायकल. भाचीनं मामाला छळायचं नाही तर कुणी छळायचं?

फक्त एक गोष्ट मी पाहिली नाही. पत्र आईच्या ईमेलवरून गेलं होतं. खाली नाव होतं वृंदा पिसाळ.

फोन आला नाही. दिवाळीला आठ दिवस असताना पोस्टमन आला. रजिस्टर, सही पाहिजे. आईनं चकलीचं पीठ हाताला तसंच ठेवून दोन बोटांच्या टोकांत पेन धरलं आणि सही केली. लिफाफ्यावर पिठाचं बोट उमटलं.

आत कुडाळच्या वकिलांचं चार पानी पत्र. इंग्रजी. ते मला वाचायला दिलं, अर्थातच. बोलायची आणि वाचायची कामं माझी. मी वाचत गेले आणि माझा आवाज बारीक बारीक होत गेला. 'घावनळकर' हे आमच्या अशिलाचं बारा वर्षांपासून नोंदलेलं नाव आहे. तुम्ही त्यासारखं नाव घेऊन गिऱ्हाइकांची फसगत केली आहे. तुम्ही ते आम्हालाच विकायला काढलं आहे, यावरून तुमचा हेतू वाईट आहे हे उघड आहे.

"विकायला? कोण विकतंय?" आईनं विचारलं.

मी म्हणाले, "वकिलांची भाषा असते गं तशी."

हे मी म्हणाले. तालुक्यात पहिली आलेली मी.

संध्याकाळी मामाचा फोन आला. आईनं स्पीकर लावला नव्हता, पण मामाचा आवाज मुळात गिरणीत घडलेला, सगळ्या स्वयंपाकघरात ऐकू येत होता.

"वृंदा, तुका काय व्हया होता तर तोंडान सांगूचा. इंग्रजीत पत्र कित्याक?"

"दादा, कसला पत्र? माका ठावक नाय."

"सही केलंस तेव्हा काय बोललंस नाय. माका काय नको म्हटलंस. आणि आता, इतक्या वर्सांनी, विचारतंस काय देतलास म्हणान?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मी ओट्याला चिकटून उभी होते, हातात झारा. तिला कळलं. आईला काय, झारा कसा धरलाय त्यावरून कळतं.

मला वाटलं, आता सांगेल. पोरीचा पोरकटपणा दादा, तिनं पाठवलं. सांगितलं असतं तर तिथंच मिटलं असतं. मामानं मला चार शिव्या दिल्या असत्या आणि हसला असता.

"चुकला माझा, दादा," आई म्हणाली.

आणि फोन बंद झाल्यावर तिनं तेलात चकली सोडली. "गॅस मोठा करू नकोस," एवढंच मला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पप्पा, आई आणि मी कणसे वकील मॅडमकडे गेलो. त्या आमच्याच आळीतल्या, आईच्या मसाल्याच्या गिऱ्हाईक. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी चारही पानं वाचली, आणि मान वर करून थेट मला विचारलं, "हा विकण्याचा प्रश्न कुणी विचारला?"

"मी."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना तेव्हा कळलं.

"पण मॅडम, नाव रिकामं होतं," मी म्हणाले. "मी चोरलं नाही. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तसं, पैसे भरून घेतलं."

"डोमेन रिकामं होतं. नाव रिकामं नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "तू एसटीत जाऊन रुमाल टाकलास, बरोबर? पण आख्खी एसटी कुणीतरी लग्नाला ठरवून घेतली होती. कंडक्टरनं तुला तिकीट दिलं म्हणून वऱ्हाड तुला बसू देईल का? ज्यांनी डोमेन विकलं ते फक्त जागा मोकळी आहे का एवढंच बघतात. नाव कुणाचं, हे बघणं आपलं काम."

"पण आईचं आडनाव आहे ते. तिचाच मसाला."

"हो. आणि ते तुमच्या बाजूचं एकमेव बरं कारण होतं. माझ्या माहेरचं नाव, माझ्या हातची वस्तू, मला कुणाला फसवायचं नाही. यावर मी भांडले असते. पण तू त्यांनाच विचारलंस, काय द्याल. मग तिथं काय राहिलं? नाव विकण्यासाठीच घेतलं, असं दिसलं. शिवाय पत्रात त्या पुण्याच्या बाईंचा प्रश्नही आहे, त्यांना तू सांगितलं नाहीस की आम्ही ते नव्हे."

मी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होते.

"काय करायचं?" पप्पांनी विचारलं. त्यांचा तिथला तो पहिला शब्द.

"डोमेन परत द्यायचं. फुकट, आणि लवकर. पाकिटावरचं नाव काढायचं. ते त्यांचं आहे, वाद नको. पण हे बघा, शेवटच्या पानावरची अट." त्यांनी पेनानं खूण केली. "लिहून द्या की घावनळकर घराण्याशी, त्यांच्या मसाल्याशी आपला कोणताही संबंध नव्हता आणि नाही, तसं कुठंही, कधीही सांगणार नाही. हे जास्तीचं आहे. कायद्यानं एवढं मागता येत नाही. रागानं घातलंय."

"संबंध नव्हता?" मी म्हणाले. "बहीण आहे ती!"

"म्हणून त्याच्या खाली हे घातलंय." मॅडमनी वाचलं आणि मराठीत सांगितलं. "सौ. वृंदा पिसाळ यांनी अमुक तारखेला हक्कसोडपत्र करून दिलेले आहे."

"हक्कसोड म्हणजे?"

आई पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

"बहिणी भावाला लिहून देतात," मॅडम म्हणाल्या, "वडिलांच्या घरातला, जमिनीतला आमचा वाटा आम्ही सोडला. खूप जणी देतात, माहेर तुटू नये म्हणून. पण वृंदाताई, त्यात घर जातं, जागा जाते. तुम्ही काय केलंत ते जात नाही. या अटीवर बोलता येईल. मात्र बोलायला कुणीतरी गेलं पाहिजे. पंधरा दिवस आहेत."

"भाऊबीजेला दादा येईल," आई म्हणाली. "तेव्हा बोलू."

एकोणीस वर्षं मामा भाऊबीजेला येत होता. सकाळी साडेदहाला गाडी दारात, डिकीत कोकमाच्या आगळाची बाटली, पोह्यांची पिशवी आणि आईला साडी. त्या वर्षी आईनं सहालाच उठून बांगड्याचं तिखलं केलं, मामाला आवडतं ते, त्रिफळ घालून. पाटाभोवती रांगोळी काढली. ताटात सुपारी, अक्षता, निरांजन.

अकरा वाजले. बारा वाजले. मी खिडकीतून बघत होते. प्रत्येक पांढरी गाडी मामाची वाटायची.

"रस्ता खराब असेल," पप्पा म्हणाले.

दोन वाजता आईनं आम्हाला वाढलं. ती जेवली नाही. निरांजनातली वात तुपात भिजून बसली, पण पेटवली नाही.

दिवस मावळला तसं आईनं ताट उचललं आणि गच्चीवर निघाली. मी मागोमाग. ज्या बाईचा भाऊ येत नाही ती चंद्राला ओवाळते, हे मला माहीत होतं. पण ते भाऊ नसणाऱ्यांचं, असं मी धरून चालले होते.

बीजेची कोर होती, नखाएवढी, पाण्याच्या टाकीमागे टेकलेली. आईनं निरांजन लावलं. वारा होता, म्हणून मी दोन्ही हातांचा आडोसा धरला. तिनं तीनदा ओवाळलं, आकाशाकडे अक्षता टाकल्या. काही माझ्या केसात पडल्या.

"आई, तू मामाला माझं नाव का नाही सांगितलंस?"

ती कोर बघत होती.

"कारण तो प्रश्न ऐकून मला एक क्षण बरं वाटलं," ती म्हणाली. "माझ्या नावानं कुणीतरी विचारला." आणि ताट घेऊन खाली उतरली.

मी तिथंच उभी राहिले. पप्पा कधी आले कळलं नाही. ते टाकीला टेकले आणि बोलायला लागले. पप्पा! मी त्यांना इतकं सलग बोलताना कधीच ऐकलं नव्हतं.

"तुझे कुडाळचे आजोबा गेले तेव्हा दादांकडे एक चक्की होती फक्त. मसाला तुझी आजी आणि तुझी आई करायच्या. शाळेतून आली की भाजायला बसायची ती. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला नापास झाली, ते त्यामुळे. पहिली लाल पाकिटं निघाली त्यातला मसाला तुझ्या आईच्या हातचा. लग्न ठरलं तेव्हा दादा घाबरले, की माप कुणाला ठाऊक? हिनं वहीत लिहून दिलं, किती मिरची, किती वेळ भाजायचं, सगळं. आणि लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला तो दुसरा कागद, हक्कसोडीचा. दादांनी पुढे केला. हिनं वाचला पण नाही. 'खंय सही करू?' विचारलं. मी शेजारी बसलो होतो."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मी नवा जावई," पप्पा म्हणाले. "नवा असताना बोललो नाही, मग जुना झालो."

खाली आलो तेव्हा आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. पुढे वकिलांचं शेवटचं पान. ओवाळणीच्या ताटातलं कुंकू तिच्या बोटाला तसंच होतं. मामासाठी केलेलं तिखलं झाकून ठेवलेलं.

"दादा येत नाही तर हे देऊन टाकू एकदाचं," ती म्हणाली. "सण संपला, विषय संपला. ईश्वरी, पेन दे. कुठं सही करायची?"

पेन माझ्याच कंपासमध्ये होतं. मी काढलं. आणि हातातच धरून ठेवलं.

खरं सांगते, वक्तृत्वाच्या स्टेजवर बोलणं सोपं असतं. कारण तिथं पाठ केलेलं असतं.

"आई, तू यावर सही करणार नाहीस," मी म्हणाले.

"तुला काय कळतंय त्यातलं? आधी घातलास तेवढा गोंधळ पुरे झाला."

"पुरेच झाला. म्हणून मीच निस्तरणार. डोमेन मी आज मामाच्या नावावर करून देते. पाकिटावरचं नाव उद्या खोडते, सगळ्या अकरा जणांना कळवते की आम्ही कारखान्याचे नव्हतो. माफी पण मागते. पण 'संबंध नव्हता' हे तू लिहून द्यायचं नाही. ते खोटं आहे."

"तुझा मामा कायमचा तुटेल, ईश्वरी." आईचा आवाज पहिल्यांदा हलला. "माझं तेवढंच माहेर आहे गं."

"म्हणून सकाळी सहाच्या गाडीनं मी कुडाळला चाललेय."

"एकटी?" आई आणि पप्पा एकदमच म्हणाले. मग पप्पा म्हणाले, "एकटी नाही. मी येतो."

आईनं त्यांच्याकडे असं बघितलं की जणू आत्ताच कुणी नवीन माणूस घरात शिरला.

"जाऊन काय करणार आहेस?" तिनं मला विचारलं.

मी तिखल्याचं भांडं उचललं, डब्याचं झाकण शोधलं. तिखलं डब्यात ओतलं आणि झाकण दाबून बसवलं.

"मामाला हे वाढणार. सांगणार की पत्र आईनं नाही, मी पाठवलं. त्याच्या कारखान्याचं नाव त्याचं त्याला हातात देणार. आणि मग तोच प्रश्न परत विचारणार, आपल्या भाषेत, समोर बसून, की मामा, माझ्या आईला तुम्ही काय दिलंत?"

"ईश्वरी—"

"नाव मी परत देणार आहे, आई. प्रश्न परत घेणार नाही."